शेवटून सुरुवात: रॅपपासून नाशिकच्या जलशापर्यंत

गाणाऱ्या मंडळींशी आपली ओळख पुष्कळदा शेवटाकडून होते. त्यांच्या उमेदीच्या काळात आपल्याला त्यांचा पत्ता नसतो. मग बऱ्याच वर्षांनी त्यांचा एखादा अल्बम येतो, कुणीतरी ‘हे ऐकच’ म्हणून पाठवतं आणि आपण एकेक गाणं मागे जात राहतो. न्यूयॉर्कच्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिपहॉप गटाचं असंच झालं. १९९८ नंतर त्यांनी गाशा गुंडाळला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये, १८ वर्षांनी, त्यांचा अल्बम आला. तोवर त्यांच्यातला फाइफ डॉग वारलाही होता. हिपहॉप म्हणजे सोनसाखळ्या आणि महागड्या मोटारी अशी ज्यांची समजूत, त्यांनी तो अल्बम ऐकावा आणि मग १९९० पासूनचे आधीचे पाच ऐकावेत.

मराठीपुरतं बोलायचं तर मला असं मागे न्यायचं काम मुंबईच्या ‘स्वदेशी’ने केलं. २०१३ च्या सुमारास जमलेला हा रॅप करणाऱ्या पोरांचा गट. एमसी मवाली मराठी-हिंदीत गाणारा, एमसी तोडफोड (धर्मेश परमार) गुजरातीत, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ ‘हंड्रेड आरबीएच’ वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. बीट बांधायला नार आणि बॅमबॉय. पाठीशी मोठी कंपनी नाही आणि विषय सगळे गिऱ्हाईक पळवून लावणारे: जात, जमीन, झाडं, पोलीस. २०१९ च्या ‘गली बॉय’मध्ये त्यांच्यातल्या काहींचे आवाज एका गाण्यात आहेत, पण सिनेमा पाहिलेल्या दहा जणांना विचारा, एकालाही त्यांची नावं सांगता येणार नाहीत. त्याच वर्षी त्यांनी आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात करवती चालल्या, तेव्हा ते गाणं आंदोलनातल्या पोरांच्या मोबाइलवर होतं. २०२० मध्ये ‘चेतावनी’ हा अल्बम आला. ८ मार्च २०२२ ला तोडफोडचा स्वतःचा पहिला अल्बम ‘ट्रूथ अँड बेस’ निघाला आणि दोन आठवड्यांच्या आत तो गेला. वय २४. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली ती ‘गली बॉयमधला रॅपर’ म्हणून. त्याच्या मृत्यूच्या बातमीतून अल्बमकडे वळलेले ऐकणारे काही थोडे नसावेत, मीही त्यांच्यातलाच.

या पोरांनी एक गोष्ट केली होती, ती ऐकताना कान टवकारतात. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात त्यातले काही जण कोन्नक्कोल शिकले. म्हणजे मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी देत मात्रा मोजायच्या आणि मग त्याच जागी आपले शब्द बसवायचे. चारच्या ठेक्यात पाचाचे आणि सातांचे तुकडे टाकून पुन्हा समेवर यायचं. नुसतं भरभर बोललं की रॅप होतो असं मानणाऱ्याने तोडफोडची गुजराती ओळ एकदा टाळी धरून मोजून पाहावी.

असं काही ऐकलं की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, “रॅप म्हणजे काय, आपला पोवाडाच तो! अमेरिकेला आत्ता सुचलं.” मला हा अभिमान फुकटचा वाटतो. हिपहॉपचा जन्म कुठे झाला ते घरक्रमांकासह माहीत आहे: ११ ऑगस्ट १९७३, ब्राँक्स, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीतल्या एका सभागृहात डीजे कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या पोराने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या. गाण्यातला फक्त ढोलांचा तुकडा लोकांना नाचायला आवडतो हे त्याने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तोच तुकडा लांबवत राहिला. त्यात आपल्या पोवाड्याचा वाटा शून्य.

वाटा आहे तो दुसऱ्या बाजूने. बीट ब्राँक्सहून आली, पण ती मराठीत येऊन ज्या जागेवर बसली ती जागा आधीपासून तयार होती. कुणी गायचं, कुणासमोर गायचं, चाल कुठून उचलायची, गाण्यात आपलं नाव कसं घालायचं, आणि गाणं म्हटल्यामुळे पोलीस आले तर काय करायचं, हे सगळं इथे ठरून गेलं होतं. दत्तक मूल ज्या घरात येतं त्या घराचीही वंशावळ असतेच. ‘स्वदेशी’पासून मागे निघालं तर ही वाट मुंबईच्या गिरणगावातून जाते आणि कसारा घाट चढून नाशिक जिल्ह्यात येते.

पहिला मुक्काम सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. १५ ऑगस्ट १९२२ ला इथे वामन तबाजी कर्डक जन्मले, पुढे सगळ्यांचे वामनदादा. पोटासाठी मुंबईला गेले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. चाळीत कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणून पुढे केलं आणि वामनला अक्षरओळख नव्हती, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत जास्त सांगितली गेलेली गोष्ट. त्या शरमेतून ते देहलवी नावाच्या मास्तरांकडे मुळाक्षरं शिकले, आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेगीताचं विडंबन.

या विडंबनापाशी जरा थांबायला हवं. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की कवीची चाल स्वतःची हवी, उसनी चाल म्हणजे कमी प्रतीचं काम. बाबासाहेब आंबेडकरांवरची भीमगीतं रचणाऱ्यांना हा नियम परवडणारा नव्हता आणि त्यांना तो मान्यही नव्हता. काल रेडिओवर वाजलेल्या गाण्याची चाल आज रात्री वस्तीत आली की ऐकणाऱ्याला चाल शिकायला वेळ लागत नाही. धृपद दुसऱ्यांदा येईपर्यंत सगळी वस्ती गात असते, आणि शब्द थेट आत जातात. कूल हर्कने दुसऱ्याच्या रेकॉर्डवर स्वतःची पार्टी उभी केली त्यामागचा हिशोब हाच. वाद्यवृंद ठेवायची ऐपत नसलेल्यांनी जगात दोन ठिकाणी, एकमेकांना न विचारता, एकच तोडगा काढला.

आणि नाव. वामनदादांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. ही आपली जुनी रीत: ‘तुका म्हणे’पासून लावणीकार शाहिरांपर्यंत प्रत्येकाची छाप शेवटी असते. रॅपर मात्र आपलं नाव सुरुवातीलाच, बीट उचलायच्या आधी फेकतो. काम दोन्हीकडे एकच: गाणं तोंडोतोंडी जाणार, कागदाचा भरवसा नाही, तेव्हा मालकीचा शिक्का गाण्याच्या पोटातच मारून ठेवायचा. तरीही वामनदादांच्या वाट्याला काय आलं? एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला गावोगावच्या ध्वनिक्षेपकांवर त्यांचे शब्द असतात आणि नाव गायकाचं घेतलं जातं. ‘सांगते ऐका’ (१९५९) सारख्या गाजलेल्या चित्रपटात त्यांचं गाणं आहे, हे तो सिनेमा तोंडपाठ असलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. ‘वाटचाल’ हा त्यांचा पहिला गीतसंग्रह १९७३ चा, म्हणजे तीस वर्षं गाऊन झाल्यावरचा. पेटी, ढोलक आणि दोन-चार साथीदार घेऊन एसटीने गावोगाव फिरणं हाच त्यांचा प्रकाशनाचा मार्ग होता.

त्याच काळात मुंबईच्या चाळींत आणि खेड्यांच्या चावडीपुढे कव्वालीचे मुकाबले रंगत. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, लक्ष्मण राजगुरू ही नावं तेव्हा जयंतीच्या पत्रकांवर ठळक छापली जात. समोरासमोर दोन पार्ट्या. आधी बुद्ध-भीमगीतं, मग सामाजिक, आणि रात्र चढली की एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत तिथल्या तिथे उत्तर बांधायचं, हरला की लोक शिट्या वाजवून उठवणार. हल्ली पोरं ‘बॅटल’ म्हणतात त्याचा कायदा याहून वेगळा नाही. फरक असलाच तर इतका की मुकाबला पहाटेपर्यंत चालायचा आणि बिदागी बऱ्याचदा जमलेल्या लोकांच्या एकेक रुपयातून व्हायची.

वामनदादा १५ मे २००४ ला नाशिकमध्ये वारले. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. तोडफोड गेला तेच वर्ष. एकाचं पुनरागमन शंभराव्या वर्षी, दुसरा चोविसाव्या वर्षी संपला.

आता आणखी एक टप्पा मागे. आडनाव पुन्हा कर्डक, माणूस वेगळा: भीमराव कर्डक, तेही नाशिक जिल्ह्यातलेच. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड पुढे, हजारो माणसं मिरवणुकीने मंदिरापर्यंत आली, चारही दारं बंद. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून भांडण होऊन दगडफेक झाली. पुढची पाचेक वर्षं ते दार बंदच राहिलं आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. या वर्षांत नाशिक जिल्ह्यात ‘नाशिक जिल्हा युवक संघ’ या नावाचा जलसा फिरत होता. नाव एखाद्या क्रिकेट क्लबचं वाटतं. प्रत्यक्षात ती भीमराव कर्डकांची गाणारी टोळी.

जलसा हा प्रकार त्याआधी सत्यशोधकांनी घडवला होता, आणि त्यांनी तो तमाशातून घेतला होता. तमाशाचा सांगाडा ठरलेला: आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि वग. आंबेडकरी जलशाने सांगाडा ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांचं स्तवन आलं. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी गेल्या. बतावणीच्या जागी फार्स आला: सावकार आणि कूळ, भटजी आणि यजमान, दारू पिऊन आलेला नवरा आणि त्याला जाब विचारणारी बायको. मेलेलं ढोर ओढायचं नाही, पोरांना शाळेत घालायचं, मंदिराच्या दारात बसायचं, हे मुद्दे भाषणात आले तर लोक माना डोलावून घरी जातात. फार्समध्ये आले की हसता हसता अंगाला लागतात. ढोलकी, तुणतुणं, झांज एवढं सामान, वर गॅसबत्ती. मांडव कुठला, वस्तीतलं मोकळं अंगण हीच रंगभूमी.

यातला खरा चाणाक्षपणा वेगळाच. नोव्हेंबर १९३० मध्ये बाबासाहेबांचं ‘जनता’ सुरू झालं, पण ज्यांच्यासाठी ते होतं त्यांच्यातले बहुसंख्य लोक वाचू शकत नव्हते. अंकात जे छापून येई ते वस्तीत पोचायचं तर तोंडीच पोचणार. जलसा हेच त्यांचं वर्तमानपत्र झालं. सत्याग्रहात काय घडलं, गोलमेज परिषदेत काय चाललंय, पुण्यात कसला करार झाला, हे सगळं चार ओळींच्या कडव्यात बसवून त्याच महिन्यात गावी जायचं. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचे, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आंबेडकरी मंडळींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

इतकं करून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात भीमराव कर्डकांना किती जागा मिळाली? सत्तरच्या दशकात दलित साहित्य बहरलं, त्यातल्या मुक्तछंदाची समीक्षकांनी दखल घेतली, भांडणंही केली. गाणाऱ्यांकडे बघताना मात्र ‘प्रचारी’ हा एक शब्द पुरेसा झाला. यमक असलेलं, चालीवर म्हणता येणारं, अशिक्षित माणसाला पहिल्या फटक्यात कळणारं काही असलं की ते कविता नसणार, अशी आपली समजूत. रॅपच्या वाट्याला आज तेच आलं आहे, आणि दोन्ही वेळा तोटा समीक्षेचा झाला आहे. शेवटी कर्डकांनी स्वतःच लिहिलं. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे त्यांचं पुस्तक १९७८ चं. जलसा भरात असण्याला तोवर चाळीस वर्षं उलटली होती. माझ्या लेखी मराठीतला पुनरागमनाचा सर्वांत मोलाचा अल्बम हाच. गवसला तर तो मागून ऐकायचा, म्हणजे पुस्तक वाचून गाण्यांकडे जायचं.

अजून मागे गेलं की नाशिक शहराच्या आतच, तिळभांडेश्वर गल्लीत, गाणाऱ्यांची आणखी एक टोळी भेटते. तिचा रंग वेगळा आहे. सावरकर बंधूंचा मित्रमेळा तो. त्यातले आबा दरेकर पायांनी अधू, लावण्या रचण्यात तरबेज. मेळ्यात आल्यावर त्यांची लेखणी देशाकडे वळली आणि ते स्वातंत्र्यकवी गोविंद झाले. गणेशोत्सवात, शिवजयंतीला पोरांचा मेळा त्यांचे पोवाडे आणि पदं गात फिरे. बाबाराव सावरकरांनी ‘लघु अभिनव भारत माला’ या नावाने कवितांचं पुस्तक छापलं आणि त्याबद्दल जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितेबद्दल. प्रकरण हायकोर्टात गेलं. बचाव असा की यात देवादिकांच्या आणि शिवाजी महाराजांच्या गोष्टी आहेत, सरकारचा संबंध काय? पण न्यायपीठावर नारायण गणेश चंदावरकर होते, मराठी जाणणारे. देवांची नावं हा पातळ पडदा आहे आणि पलीकडचा अर्थ उघड दिसतो, असा त्यांचा निर्वाळा. शिक्षा कायम झाली. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग असताना कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, तो याच धाग्यातला.

हे प्रकरण वाचताना एप्रिल २०२३ आठवतो. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या पोराने ‘पन्नास खोके’ या राजकीय घोषणेवर रॅप केला आणि अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. गाण्यात कुणा पुढाऱ्याचं नाव नव्हतं. ११४ वर्षांनी पडदा तसाच पातळ, आणि पलीकडे पाहायची सरकारी नजरही तशीच. गाणं किती मोलाचं ते समीक्षक ठरवत बसतात, पोलिसांना ते आधी कळतं.

मात्र दरेकरांचा मेळा आणि कर्डकांचा जलसा यांना एका माळेत ओवून ‘नाशिकची थोर परंपरा’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. स्वातंत्र्याची पदं गाणाऱ्या याच शहराने वीस वर्षांनी रामाचं दार लावून घेतलं. दोन्ही टोळ्यांची शस्त्रं सारखी होती: चाल, पाठांतर, पोरांचा कोरस. भांडण कुणाशी हे दोघांचं वेगळं होतं, आणि आजच्या रॅपरने कुणाचा वारसा सांगायचा हे त्याला निवडावंच लागेल. ‘हंड्रेड आरबीएच’ने निवडलं आहे, त्याच्या गाण्यांत फुले-आंबेडकर उघड उघड येतात.

मागच्या टोकाला पुन्हा सिन्नर तालुका. बावी गावचा परशराम (१७५४–१८४४), शिंपीकाम करणारा शाहीर, पेशवाई डोळ्यांदेखत बुडालेली पाहिलेला. देशवंडी आणि बावी एकाच तालुक्यातली, मधे शंभराहून अधिक वर्षं. परशरामाच्या पिढीचं गाणं आपल्यापर्यंत आलं त्यातही कुणाच्या तरी पुनरागमनाचा हात आहे: १८९१ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेले पोवाडे पुस्तकरूपाने छापले. शाळिग्रामांनी लावण्याही जमवल्या. ते दोघे आणखी वीस वर्षं उशिरा आले असते तर म्हातारे गोंधळी गेलेले असते, आणि त्यांच्याबरोबर पोवाडेही.

जलशांचे आणि मुकाबल्यांचे शाळिग्राम अजून पुरेसे झालेले नाहीत. सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी, चांदवड या भागात कुणाच्या आजोबांची गाण्यांची वही पेटीत असेल, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जयंतीच्या रात्रीची कॅसेट माळ्यावर असेल, तर एवढं करा: वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, कॅसेट बुरशी लागायच्या आत उतरवून घ्या, त्यावर गाव, साल, गाणाऱ्याचं आणि ढोलकीवाल्याचंही नाव लिहा. मूळ चीज घरीच ठेवा, प्रत मात्र एखाद्या वाचनालयाला द्या. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. आणि घरात बीट बांधणारं एखादं पोरगं असेल, तर पहिली प्रत त्याला द्या.